शंकूची टोपी आणि आजीचं सूप

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर घराबाहेर पडायची सोय नसते. पारा चाळिशीच्या वर, खिडक्यांना ओले पडदे आणि पलीकडच्या कारखान्यातून मागांची न थांबणारी खटखट. अशाच एका दुपारी माझी दहा वर्षांची भाची माझ्या लॅपटॉपवर 'मशिनेरियम' खेळत बसली होती.

चेक प्रजासत्ताकातल्या 'अमानिता डिझाईन'नं २००९ मध्ये काढलेला हा गेम. यात गोळीबार नाही, शर्यत नाही, संवादाचा एक शब्दही नाही. शहराबाहेर भंगारात फेकलेला एक छोटा यंत्रमानव परत शहरात शिरायला बघतो. त्याच्यावर काय गुदरलं ते त्याच्या डोक्यावर उमटणाऱ्या विचारांच्या फुग्यांतून हळूहळू कळत जातं. अगदी सुरुवातीलाच शहराची वेस लागते. पहारेकरी फक्त आपल्यातल्याच शिपायांना आत सोडतात, म्हणजे डोक्यावर निळी टोपी आणि टोपीवर दिवा हवा. आसपास काय आहे? रस्त्यावर ठेवतात तो शंकू, रंग, बल्ब.

भाची तिथं पाऊण तास अडकली. मी तोंड उघडलं की ओरडायची, "मामा, नको की सांगू!" आणि डोळ्यांत तर पाणी आलेलं.

शंकू तिला दिसत होता, पण शंकू म्हणूनच दिसत होता. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच पकडलं होतं. त्याचं काम १९४५ मध्ये इंग्रजीत आलं. माणसांना एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि डबीभर टाचण्या द्यायच्या आणि मेणबत्ती भिंतीवर नीट लावायला सांगायचं. उत्तर सोपं आहे: डबी रिकामी करून भिंतीला टोचायची आणि मेणबत्ती तिच्यावर उभी करायची. पण टाचण्या डबीत भरून दिल्या की पुष्कळ जण अडकतात, आणि तीच डबी रिकामी ठेवली की चटकन सुटतात. भरलेली डबी मनाला 'टाचण्या ठेवायची वस्तू' एवढीच दिसते. वस्तूचा नेहमीचा उपयोग तिचे बाकीचे उपयोग झाकून टाकतो.

अशा कोड्यात सगळ्यात जास्त छळतं ते काय, याचा उलगडा मला जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांच्या १९८७ च्या प्रयोगात सापडला. लहानपणी लपवलेली वस्तू शोधताना आपण 'गरम, गरम, थंड' म्हणायचो, तसं त्यांनी कोडी सोडवणाऱ्यांना दर १५ सेकंदांनी विचारलं: उत्तराच्या किती जवळ आलात? बीजगणिताची उदाहरणं सोडवणाऱ्यांना ऊब हळूहळू वाढताना जाणवत होती. ज्या कोड्यांत एकदम डोक्यात प्रकाश पडावा लागतो, तिथं मात्र उत्तर सापडेपर्यंत जवळपास सगळं थंडच. म्हणजे पाऊण तास अडकलेल्या पोरीला आपण दोन पावलांवर आलोय की दोन कोस लांब आहोत, हे कळायचा मार्गच नसतो. तिची चिडचिड हट्टातून आलेली नव्हती.

आणि उत्तर येतं तेही तसंच, धाडकन. मार्क युंग-बीमन, जॉन कुनिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. ज्यांना उत्तर एकदम उमगलं त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, उत्तर आल्याचं बटण दाबण्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी वेगवान लहरींचा एक उसळता झोत दिसला. एवढ्या क्षणासाठी पाऊण तासाचं थंडपण सोसायचं.

ते सोसायला लावते गोष्ट. बर्लिनमध्ये कुर्ट लेविनच्या प्रयोगशाळेत ब्लूमा झायगार्निकनं १९२७ मध्ये म्हटलं की अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात. हा निष्कर्ष पुढच्या चाचण्यांत सातत्यानं टिकला नाही. तिथलीच मारिया ओव्हस्यांकिना मात्र १९२८ मध्ये वेगळं सांगत होती: काम मध्येच थांबवलं की माणसं कुणी न सांगताही पुन्हा त्याच्याकडे वळतात. ही ओढ खरी ठरली आहे. बिचारा यंत्रमानव वेशीबाहेर उभा आहे, हे भाचीला जेवतानाही सुटत नव्हतं.

पण सोसणं फुकट जाणार नाही एवढी हमी गेमनं द्यायलाच हवी. माझे वडील जकार्ड मागावर चादरी विणत. कधी चादरीवरच्या मोराची मान एका जागी तुटकी उतरायची. मग ते माग थांबवून माळेत ओवलेली, भोकांनी नक्षी ठरवणारी पुठ्ठ्याची कार्डं एकेक करून बोटांनी चाचपत. तासही लागायचा, पण चूक त्या कार्डांतच कुठंतरी आहे याची खात्री असायची. 'गॅब्रिएल नाइट ३' (१९९९) मधल्या कुप्रसिद्ध कोड्यात ही खात्रीच नाही. तिथं दुसऱ्या माणसाचं सोंग घ्यायला मांजराचे केस पाकानं चिकटवून मिशी करायची, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला मिशी काढायची. 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) मध्ये तर भूक लागली म्हणून जवळचा कस्टर्डचा 'पाय' हा गोड पदार्थ खाऊन टाकला, तर पुढं हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही आणि तुम्ही कायमचे अडकता. हा खेळाडूचा विश्वासघात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर आई गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला निघाली. उन्हाची तिरीप डोळ्यावर येते म्हणून तिनं सूपच डोक्यावर धरलं होतं. भाची तिच्यामागून टोपली घेऊन गेली. खाली आली, लॅपटॉप उघडला, आणि दहा मिनिटांत तो शंकू निळा होऊन, दिवा लावून यंत्रमानवाच्या डोक्यावर! किंचाळली ती. "कसं सुचलं गं?" "आपोआप!"

नॉर्मन मायरचा १९३१ चा प्रयोग मला लगेच आठवला. छताला दोन दोऱ्या टांगलेल्या, एकमेकींपासून इतक्या लांब की एक धरून दुसरीपर्यंत हात पोचत नाही. त्यांची टोकं बांधायची. अडकलेल्यांच्या समोरून मायर सहज चालत जाई आणि जाता जाता एका दोरीला धक्का लावून ती हलती ठेवी. मग बऱ्याच जणांना मिनिटभरात उमगे: दोरीला वजन बांधून तिचा लंबक करायचा. पण कसं सुचलं असं विचारल्यावर त्या धक्क्याचं नाव जवळजवळ कुणीच घेतलं नाही.

सुपामुळंच सुचलं असं मी म्हणणार नाही; नुसत्या विश्रांतीनंही अडलेली कोडी सुटायला मदत होते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. काहीही असो, उत्तर तिचं होतं.

'मशिनेरियम'मध्ये उत्तरांची एक वहीही आहे, पण ती कुलूपबंद. उघडायला आधी किल्लीचा एक कंटाळवाणा छोटा खेळ जिंकावा लागतो. करणाऱ्यांनी हे फार विचारानं केलंय. परवा भाची तुरुंगाच्या कोठडीत अडकली तेव्हा तिचा बाण त्या वहीवर जरा वेळ थांबला. मग तिनं लॅपटॉप मिटला आणि आजीबरोबर कुरडया डब्यात भरायला गेली.