टर्बोची गाडी: आधी ऑइल गरम, मग वेग

(आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर)

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो बसवलेली गाडी, मग ती डिझेल असो वा हल्लीची एक लिटर तीन सिलिंडरची पेट्रोल, थंड असताना दामटायची नाही. एवढं तर बहुतेकांना माहीत असतं. गडबड होते ती गाडी गरम झाली की नाही हे ओळखण्यात.

मीटरमधला टेंपरेचरचा काटा रेडिएटरच्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा आहे. ऑइलचा नाही. काटा मध्यावर येतो तेव्हा कूलंट ८०-९० अंशांवर असतं, पण ऑइल अजून ५०-६० अंशांवरच रेंगाळत असतं. कूलंट गरम व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळपास दुप्पट वेळ ऑइलला लागतो. काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे इंजिन अगदी गार राहिलेलं नाही, इतकंच समजायचं. आता रेस द्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

ऑइलला एवढं महत्त्व का? टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं. बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची धातूची कडी, आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा बारीक थर असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. थर तुटला की धातूला धातू घासतो. शाफ्टच्या एका टोकाला सायलेन्सरकडे जाणारा गॅस असतो. लोडवर तो डिझेलमध्ये ७००-८०० अंश असतो, तर पेट्रोलमध्ये ९०० च्या वर जातो. म्हणजे बेअरिंगला वंगण देण्याबरोबरच तिथली उष्णता वाहून नेण्याचं कामही ऑइलकडेच आहे.

५डब्ल्यू-३० (हा घट्टपणाचा ग्रेड, डब्यावर लिहिलेला असतो) ऑइल ४० अंशांवर असताना १०० अंशांच्या मानाने साधारण सहापट घट्ट असतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे १४-१५ अंश असतात, तेव्हा हा फरक पंधरापटीच्या पुढे जातो. काकवीसारखं ऑइल बारीक फीड पाइपमधून, म्हणजे ऑइल आणणाऱ्या नळीतून, टर्बोपर्यंत सावकाशच पोहोचणार. अशा वेळी प्रेशर मात्र भरपूर दिसतं. पण ऑइल पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंचसं ऑइल परत मागे वळतं, बेअरिंगला मिळतं ते कमीच. दुसरी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. घट्ट ऑइल फिल्टरच्या कागदातून पटकन जात नाही. थंड इंजिनला रेस दिली की फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं.

सकाळी गाडी काढताना

सेल्फ मारताना ॲक्सिलेटरला पाय लावू नका. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. मग अर्धा मिनिट, थंडीत फार तर एक मिनिट थांबा आणि निघा. दारात दहा मिनिटं गाडी सुरू ठेवायची जुनी सवय सोडा. डिझेल इंजिन लोडशिवाय धड गरमच होत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये असं थांबवून ठेवल्याने डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. गाडी गरम होते ती हळू चालवल्यानेच.

पहिले ८ ते १० किलोमीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटं, डिझेल २००० आणि पेट्रोल २५०० आरपीएमच्या आत ठेवा. ॲक्सिलेटर एक तृतीयांशापेक्षा जास्त दाबू नका. पण गाडी रडवायचीही नाही. पाचव्या गिअरमध्ये ताशी ४० वर पाय दाबला की कमी आरपीएमवर लोड पडतो. टर्बो पेट्रोलमध्ये त्यातून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि असा एखादा जोराचा झटका पिस्टनची रिंगलँड, म्हणजे रिंगांमधली कड, तोडू शकतो. म्हणून गिअर उतरवा आणि पाय हलका ठेवा.

जुळे सोलापुरातून सात रस्त्यामार्गे पुणे रोडला लागणाऱ्याचं ऑइल गावातल्या सिग्नलांवरच बरंचसं गरम झालेलं असतं. खरी काळजी बाळ्यात किंवा तुळजापूर नाक्यापाशी राहणाऱ्यांनी घ्यायची, कारण ते घराबाहेर पडले की थेट हायवेवर. पुण्याकडे निघाला असाल तर कोंडी गाव मागे पडेपर्यंत, तुळजापूरकडे निघाला असाल तर तामलवाडी येईपर्यंत डाव्या लेनमधून ६०-७० ने चला. ओव्हरटेकची घाई नंतर.

उन्हाळ्यात ४३ अंशांत उभी असलेली गाडी आधीच गरम आहे, असं वाटतं. पण ऑइलला ९०-१०० अंश हवे असतात. वाट थोडी कमी पाहावी लागेल, एवढाच फरक.

थांबतानाही

तुळजापूरचा घाट चढून वर आलात आणि लगेच पार्किंगमध्ये चावी फिरवली, तर ऑइलचा प्रवाह बंद होतो आणि तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच जळतं. त्याची काळी खपली धरते आणि पुढे तीच ऑइलची वाट बुजवते. घाट किंवा ताशी १०० च्या वरचा प्रवास झाल्यावर एक ते दोन मिनिटं गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर टोल नाक्यावर पोहोचण्याआधी त्याचं बटण बंद करा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गल्लीबोळातून सावकाश आला असाल तर वेगळं थांबायची गरज नाही.

बंद करण्याआधी एक जोरदार रेस देऊन चावी फिरवण्याची सवय तर कटाक्षाने मोडा. टर्बो वेगात फिरत राहतो आणि पंप बंद झालेला असतो. गाडी बंद केल्यावर पंखा किंवा छोटा वॉटर पंप थोडा वेळ चालू राहिला तर तो बिघाड नाही. काही गाड्यांत टर्बो गार करण्यासाठी तशी सोयच असते.

ऑइल आणि फिल्टर

ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. “सोलापूरचा उन्हाळा आहे, २०डब्ल्यू-५० टाका” हा सल्ला टर्बोच्या गाडीत घातक ठरतो, कारण ते ऑइल थंड स्टार्टला फारच हळू पोहोचतं. डब्यावरचा दर्जाही पाहा: टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी, डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं, म्हणजे बहुधा सी२ किंवा सी३ दर्जाचं. रोजचा वापर चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा असेल तर ऑइल कधी पुरतं गरमच होत नाही. अशा गाडीचं ऑइल १०,००० ची वाट न पाहता ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह नीट नसतो, त्यामुळे रोज सकाळचे पहिले काही सेकंद टर्बो कोरडा फिरतो. तिथे पैसे वाचवू नका.

टर्बो बदलायची वेळ आली तर

नवा टर्बो काही महिन्यांत पुन्हा गेला, तर दोष बहुतेकदा टर्बोचा नसतो. जुना फीड पाइप खपलीने अर्धा बुजलेला असतो, किंवा गॅस्केटच्या जागी थापलेलं सिलिकॉन तुटून ऑइलच्या वाटेत अडकलेलं असतं. म्हणून आम्ही फीड पाइप, बँजो बोल्ट (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट), वॉशर, ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय टर्बो बसवत नाही. बसवताना आधी टर्बोत ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवतो. मग इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारतो, आणि सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं रेस न देता चालू ठेवतो. बिल थोडं वाढतं, पण यातलं काहीही गाळू नका, दुसरीकडे काम करून घेत असाल तरी.

सायरनसारखी शिट्टी, निळसर धूर, पिकअप पडणं किंवा ऑइल लेव्हल उतरणं, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत न राहता दाखवा. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, पाइपात ऑइलचा पातळसा ओलावा चालतो, साचलेलं ऑइल चालत नाही. शाफ्ट आडवा किंचित हलला तरी चालतो. पुढे-मागे हलत असेल तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग, गेलंय.

तपासणीसाठी शक्यतो गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सोडून जा. सकाळी थंड इंजिनवर पहिला सेल्फ आम्हालाच मारू द्या. पहिल्या दहा सेकंदांतला आवाज आणि धूर नंतर पाहायला मिळत नाही.