तिसऱ्या फेरीत पिकअप कुठे गेला?

नाशिकजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मित्राची टर्बो हॅचबॅक पहिल्या फेरीत सुसाट गेली. तिसऱ्या फेरीत मात्र चढाला दम लागला. अंबडच्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दुखणं तिथंच होतं.

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरानं टर्बोचं एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. किलोभर पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, म्हणजे ताकदीचा हिशेब शेवटी हवेचाच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथं हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. साध्या इंजिनाला हे नडतं, टर्बो ती तूट भरून काढतो.

पण सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा तापतो, आठवून पाहा. ३० अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबली की सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही इंजिनात जाते दीडपटच. इंटरकूलरनं ती ५० अंशांवर आणली तर जवळजवळ १.९ पट. म्हणून रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवण्याआधी मोठा इंटरकूलर बसवा, असं मी आग्रहानं सांगतो. मित्रानं बूस्ट वाढवला होता, कूलर कंपनीचाच होता. त्यात रांगेत उभ्या गाडीला वारा नाही. हवा तापली की पेट्रोल अवेळी पेटून नॉकिंग होतं; ते टाळायला इंजिनाचा संगणक, ईसीयू, ठिणगी उशिरा पाडतो आणि ओढ जाते. गाडी बिघडलेली नव्हती, स्वतःला जपत होती.

टर्बोचा हा फायदा नियमांतही मोजलाय. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या रॅली नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ नं गुणतात, म्हणजे ११९७ सीसीची गाडी २०३५ ची धरली जाते.

मित्र किल्लीकडे हात नेत होता. "भाऊ, लगेच बंद नका करू," मिस्त्री म्हणाले. टर्बोचं बीड लालसर दिसत होतं. इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि बेअरिंगपाशी जळून त्याची काजळी होते. दोन मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली. मग मिस्त्रींनी कूलरच्या पात्यांत अडकलेली माती ब्रशनं काढली, वर पाण्याचे फवारे मारले. चौथ्या फेरीत गाडी पुन्हा ओढायला लागली.