कोकणातली व्यायामशाळा: माती, पत्रा आणि खारा वारा

कोकणातल्या गावात आज व्यायामशाळा बांधायची म्हटली की आराखडा जवळजवळ ठरलेलाच असतो: वीस बाय तीस फुटांचा हॉल, वर पत्रा, खाली गुळगुळीत टाइल्स, आत मल्टीजिम, म्हणजे एकाच सांगाड्यावर अनेक व्यायाम करायचं केबल-वजनांचं यंत्र. हा साचा शहरातून आला. इथल्या व्यायामाच्या जागा त्याआधी निराळ्या कारणांनी घडत गेल्या.

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. घाटावर तालीम म्हटली की कुस्तीचा हौदा आलाच: चाळलेली लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, आणि रोजची खणणी. ही माती भुसभुशीत राहिली तरच पडणाऱ्याला झेलते. किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. आषाढात छपराखालची मातीही ओल धरते, तिची ढेकळं होतात, बुरशी येते. हौदा घाटासारखा इथे रुजला नाही, याचं एक मोठं कारण आमच्या मते हेच. जोर-बैठका, मुदगल आणि भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या मळ्यातली कबड्डी यांना मात्र कोरडा हौदा लागत नव्हता.

मल्लखांबालाही लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. सागवानी किंवा शिसवी खांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट, बुंध्याशी ५५ सेंटिमीटर घेर, वर निमुळता, अंगाला एरंडेल. कोकणात तो कुजतो तो पुरलेल्या भागात, जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात; वाळवीही तिथूनच चढते. दोरीच्या मल्लखांबाला अठरा-वीस फूट उंची हवी. हॉलचं छप्पर बारा फुटांवर घेतलं, तर मुलींची एक अख्खी कला दाराबाहेर राहते.

मुंबईच्या गिरण्यांमुळे चित्र बदललं. रत्नागिरीचा तरुण गिरणगावात गेला आणि चाळींच्या आसपासच्या व्यायामशाळांत तयार झाला. युजीन सँडो हा नामांकित जर्मन शरीरसौष्ठवपटू १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला; डंबेल्स आणि बारबेलची ओढ वाढली ती त्या काळात. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. पुढे चाकरमान्यांच्या वर्गणीबरोबर शहरातला नमुनाही गावी पोचला. खारा वारा मात्र त्यात कोणी धरला नव्हता.

मल्टीजिमची केबल वरून ठीक दिसते, पण प्लास्टिकच्या आवरणाखाली तारा गंजत जातात आणि एक दिवस वजनासकट तुटते. आवरणाला फुगवटा किंवा चीर दिसली की ती त्याच दिवशी बदलावी. खुल्या व्यायामशाळेत गंज वेल्डिंगच्या सांध्यापासून सुरू होतो. नुसत्या रंगाने तो थांबत नाही. गरम जस्तात बुडवलेला पाइप घ्यावा आणि साचलेलं पाणी वाहून जायला त्याच्या तळाशी भोक ठेवावं. बार, प्लेट्स, मुदगल यांत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. आठवड्याला तेलाचा हात पुरतो. गावाने पहिले पैसे त्यांच्यावरच घालावेत.

जुन्या जांभ्या चिऱ्याच्या, कौलारू इमारतीत कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. पत्र्याखाली ऊन तापतं, पावसात शिकवणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत असंख्य छपरांचे पत्रे उडाले. पत्रा आधी वळचणीकडून उचलला जातो, म्हणून तिथले हुक जवळजवळ घ्यावेत आणि गंजले की लगेच बदलावेत. दोन समोरासमोरच्या भिंतींत, वर आणि खाली अशा दोन्ही जागी जाळ्या हव्यात. नाहीतर रबरी मॅटखाली काळी बुरशी धरते.

तालीम पुरुषांची होती, त्यामुळे कपडे बदलायची खोली, आडोसा, स्वच्छतागृह जुन्या आराखड्यात नसायचंच. तोच आराखडा आजही गिरवला जातो आणि मग ‘बायका येत नाहीत’ अशी तक्रार होते. त्यांच्यासाठी खोली आणि वेळ दोन्ही लागतात. कोळीवाड्यात ती वेळ मासळीबाजार उरकल्यावरचीच असणार. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. वीस बाय तीस फुटांत यातलं एकही बसत नाही. जागा थोडी असेल तर हॉल लहान करावा आणि अंगण मोठं ठेवावं.