बेस कुठाय बे?

सोलापुरात एखादं पोरगं जुन्या व्हिडिओ गेमच्या चालीवर रिमिक्स करून ऐकवायला बसलं, की पहिला शेरा ठरलेला: "लै भारी, पण बेस कुठाय बे?" बेस म्हणजे तळाचा जाड, घुमणारा सूर. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर वाढलेले कान, दुसरं काय म्हणणार! पण या तक्रारीला जुनं कारणही आहे.

१९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्रात आवाजाचे पाचच मार्ग होते: दोन पल्स म्हणजे चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक मुद्रित नमुने वाजवणारा. बेस बहुधा त्रिकोणी लहरीवर असे, आणि तिचा आवाज लहान-मोठा करायची सोयच नव्हती. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्सचं कोजी कोन्दो यांचं संगीत एवढ्यातच बसवलेलं आहे. रिमिक्सवाला पहिला हात घालतो तो या बेसलाच.

आपल्याकडे या चाली पोचल्या त्या नकली यंत्रांतून, '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटींतून. गेमचं संगीत टीव्हीच्या चित्राच्या गतीला बांधलेलं. जपानात सेकंदाला ६० चित्रं, आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ५०. त्यामुळे इथल्या टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रांवर बऱ्याच चाली सहाव्या हिश्शाने संथ वाजत. आमच्या कट्ट्यावर यावरून एकदा चांगलीच जुंपली. एकजण म्हणे, "मारिओ एवढा पळत नाही, लय चुकली तुझी." करणाऱ्याने मोबाइलवर जपानी मूळ लावून दाखवलं. दोघंही खरे होते. शेरा मारणारा कुठल्या मुळाशी ताडून बघतोय, हे आधी विचारावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

आपल्या बैठकीत दाद द्यायची ती गाणं चालू असतानाच, मान डोलावून. चूक काढायची ती गुरूने. बरोबरीच्याने कारणांसकट चूक सांगायची रीत इथे दुसरीकडून आली. १९८७मध्ये अमिगा संगणकावर अल्टिमेट साउंडट्रॅकर हा गाणी रचायचा प्रोग्राम आला. त्यात केलेल्या गाण्याची फाइल उघडली की एकेक सूर ओळीने दिसे. कुठे बिघडलंय ते बोट ठेवून दाखवता येई. १९९९मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स या गेम-रिमिक्सच्या वेबसाइटने तर परीक्षक मंडळच नेमलं. त्यांचा दंडक साधा: मूळ चाल ओळखू आली पाहिजे, पण मांडणी तुझी हवी. नकार आला तरी सोबत कारणं लेखी.

आमच्याकडे मात्र अशी उघडून बघायची फाइल नाही, फक्त एमपी३ फिरते. त्यात भर म्हणजे पोरं एफएल स्टुडिओ या संगीत करायच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीवर शिकतात. तिच्यात प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. मागच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास एकाला मी ऐटीत सांगितलं, "किक, म्हणजे ढोलाचा ठोका, जरा खाली घे, बेस आपोआप वर येईल." तो म्हणाला, "दादा, आता उघडणारच नाही ते. पहिल्यापासून करावं लागंल."