मधुमेही मुलांची नाडी: जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी पळणाऱ्या पोरांत दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेलं एखादं मधुमेही पोर हल्ली दिसतं. त्याची साखर सगळे विचारतात, नाडीचं कोणी काढत नाही. अभ्यासकांचंही बरीच वर्षं असंच होतं; पूर्ण दमल्यावरही अशा अनेक मुलांची नाडी इतरांएवढी का चढत नाही, हा वाद मागाहून आला. 1922 मध्ये इन्शुलिन माणसांना मिळू लागलं, व्यायामाने त्याचा जोर वाढतो हेही लवकरच कळलं. पुढची कित्येक दशकं बोलणं साखरेपलीकडे फारसं गेलं नाही.

1970 च्या दशकात एडिंबरामधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या नसा, म्हणजे ठोक्यांचा वेग सांभाळणारे मज्जातंतू, तपासायची सोपी रीत बसवली. रुग्णाने मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायचा, ईसीजी चालू ठेवायचा, आणि श्वास घेताना व सोडताना ठोक्यांचा वेग किती बदलतो ते पाहायचं. फरक मिनिटाला 15 ठोके किंवा जास्त असेल तर ठीक. 10 किंवा कमी असेल तर नसांत बिघाड.

पुढे टाइप 1 मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही) मुलांना सायकलवर बसवून दमवलं, तेव्हा अनेकांचे सर्वोच्च ठोके आणि दमसास बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी भरले. लगेच निदान तयार: नसा गेल्या! गुंता इथेच झाला. कारण मध्यम श्रमात मोजणी केली तर काही मुलांत एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी आणि नाडी उलट जास्त, असं दिसलं. नसाच गेल्या असत्या तर ठोके एवढ्या तत्परतेने वाढले नसते. मग संशय दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडून रक्ताने भरतं त्या टप्प्यावर गेला: ते पुरतं भरत नसावं. साखर जितकी बेताल तितका दमसास कमी, हेही पुन्हा पुन्हा आढळलं.

तिसरं कारण मात्र, माझ्या मते, फार उशिरा विचारात घेतलं गेलं: सरावच नाही. साखर उतरेल म्हणून पोरगं जीव तोडून पळत नाही, आणि आपल्याकडे तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पी.टी.तून कायमची सूट! काही महिने नियमित व्यायाम करून घेतल्यावर अशा मुलांच्या दर ठोक्याचं रक्त वाढल्याचं अलीकडच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे दोषाचा किमान एक भाग तरी भरून येणारा होता.

मैदानावर सर्वोच्च नाडीसाठी अजून 220 वजा वय हेच गणित चालतं. पंधरा वर्षांच्या मुलाला 205 चा आकडा दिला आणि त्याची नाडी तिथवर पोचलीच नाही, तर प्रशिक्षक त्याला कामचोर ठरवून मोकळे होतात. त्यापेक्षा पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना त्याला सलग दोन वाक्यं बोलता येतात का, ते पाहून श्रम जोखावेत.