सेल्फ घेईना की पेट घेईना? जुन्या गाडीची सकाळची दोन दुखणी

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते: "सकाळी गाडी चालू होईना." या एका वाक्याच्या पोटात दोन अगदी निराळी दुखणी असतात. एकात सेल्फ मोटर इंजिनाला पुरेशा जोरानं फिरवूच शकत नाही. दुसऱ्यात सेल्फ झकास फिरतो, इंजिनही फिरतं, पण पेट घेत नाही. मालकाच्या दृष्टीनं दोन्हीचा निकाल एकच, गाडी दारात उभी. म्हणून औषधही बहुतेक वेळा एकच आणलं जातं, नवी बॅटरी. पहिल्या दुखण्यात ते बऱ्याचदा लागू पडतं. दुसऱ्यात ते लागू पडल्यासारखं दिसतं, आणि खरी गोची तिथंच आहे.

जाणता मिस्त्री फोनवर आधी विचारतो, "सेल्फ घेते काय?" त्याला पहिल्या प्रयत्नाचा आवाज हवा असतो. दहाव्या प्रयत्नाच्या आवाजाचा काही उपयोग नाही, कारण तोवर दोन्ही दुखणी एकसारखीच वाजू लागतात.

पहिल्या दुखण्याचा आवाज जड असतो. घर्रर्र, मग थांबून घर्र, मग आणखी थांबून एकदा, आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. किंवा नुसतीच भराभर टकटक ऐकू येते. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, भार पडताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो, त्याची ती टकटक. दुसऱ्या दुखण्यात आवाज भरभर आणि एकसारखा येतो. सेल्फ ताज्या दमानं फिरत असतो, पण त्या फिरण्यातून इंजिनाचा स्वतःचा आवाज काही फुटत नाही.

पहिल्याचं निदान सोपं आहे. पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर त्याला पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. साडेदहाच्या आसपास आकडा अडकून बसला असेल तर सहा सेलपैकी एक गेला असं समजा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. इंजिन फिरत असताना आकडा साडेनऊच्या वर टिकला पाहिजे. तो आठ-साडेआठवर येत असेल तर बॅटरी थकली आहे, मग उभ्यानं कितीही दाखवू दे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसत नसतील तर दोष चार्जिंगचा. अशा वेळी नवी बॅटरीही महिनाभरात तशीच उतरणार.

मीटर बरोबर, तरी सेल्फ जड, असंही होतं. तेव्हा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून थेट इंजिनाच्या धातूवर मीटर लावून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी) गंजली आहे. गोव्याकडून आलेल्या गाड्यांत हे हमखास बघावं, कारण खारी हवा आधी टर्मिनल आणि अर्थिंगच खाते. आणि एकच जोराचा 'टक', दिवे जसेच्या तसे प्रखर, इंजिन ढिम्म, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश झिजलेले असतात. शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावून बघितलं तरी एवढं कळतं: सेल्फ लगेच ताठ फिरला तर बॅटरी, तरीही जडच राहिला तर वायर, अर्थिंग नाहीतर सेल्फ.

दुसऱ्या दुखण्याकडे मात्र जरा सावकाश बघायला हवं. आपल्या भागात जुन्या बाजारात डिझेल गाड्या अजून भरपूर आहेत, म्हणून डिझेलपासून सुरुवात करू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबानं ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिनाचा धातू थंड असला की ही उष्णता भिंती पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरात एक हीटर प्लग बसवलेला असतो. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो, तो याचाच. प्लग काही सेकंदांत लालबुंद होतो आणि पहिल्या पेटण्याला हात देतो. टाटा इंडिकाच्या जुन्या आयडीआय (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) इंजिनाचं तर या प्लगांशिवाय सकाळी पानही हलत नाही. नंतरच्या कॉमन रेल गाड्या (यांत 'रेल' नावाच्या एकाच नळीत डिझेल मोठ्या दाबानं साठवून सगळ्या सिलिंडरांना दिलं जातं) जास्त सोशिक. स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेटमधलं १२४८ सीसीचं इंजिन चारपैकी एक प्लग जळाला तरी उबदार हवेत निमूट चालू होतं. हा सोशिकपणा जुनी गाडी घेणाऱ्याला महागात पडतो, त्याकडे पुढे येऊ.

सेल्फ जोरात फिरतोय आणि गाडी पेट घेत नाही, अशा वेळी बॉनेट उघडण्याआधी मागं जाऊन सायलेन्सर बघा. ओल्या लाकडाच्या चुलीतून यावा तसा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण न जळता वाफ होऊन बाहेर पडतंय. म्हणजे उष्णता कमी पडते: हीटर प्लग, त्याचा रिले (त्याला करंट सोडणारा स्विच), किंवा झिजलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद. धुराचा मागमूसच नसेल तर डिझेलच पोचत नाही, प्लग बदलून काही हाती लागणार नाही. एवढं एक बघणं निम्मं काम करतं. तरी गंमत अशी की सगळी मंडळी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी असतात आणि सायलेन्सरपाशी कुणी नसतं.

पांढऱ्या धुराच्या गाडीची आणखी एक खूण आहे. एक-दोन प्लग गेले असतील तर ती कशीबशी चालू होते, पहिलं अर्धं मिनिट तीन पायांवर चालल्यासारखी थरथरते, धूर सोडते आणि मग एकदम शांत होते. मालक म्हणतो, "थंडीत थोडं असं करतेच." प्लग तपासायला मल्टिमीटर चालतो. वायर काढून प्लगच्या टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंतचा रोध मोजायचा. एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी म्हणजे प्लग शाबूत, मीटर काहीच दाखवत नसेल तर जळालेला. डॅशबोर्डचा दिवा लागतो आणि विझतो यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसती वेळ मोजतो, प्लग तापला की नाही हे त्याला ठाऊक नसतं. चारही प्लग चांगले आणि त्यांच्यापर्यंत करंटच नाही, असं निघालं तर रिले किंवा त्याचा फ्यूज बघा.

धूर नसलेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा 'एअर धरलेली' गाडी. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीत कुठंतरी बारीक चीर असते किंवा फिल्टरचं सील सैल झालेलं असतं. डिझेल बाहेर गळत नाही, पण रात्रभरात हवा आत शिरते आणि डिझेल उतरून टाकीत परत जातं. कॉमन रेल इंजिनात रेलमधला दाब साधारण दीड-दोनशे बारपर्यंत चढल्याशिवाय गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर (सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी) उघडतच नाही, म्हणून सेल्फ नुसता फिरत राहतो. फिल्टरवर हँडपंप असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी तो दाबून बघा. पहिले आठ-दहा झटके पोकळ लागले, मग पंप कडक झाला आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, तर चोर सापडला. हँडपंप नसेल तर जांबोटी-कणकुंबीकडच्या चढउताराच्या अंगणात एक फुकटची चाचणी आहे. एका रात्री गाडी तोंड चढाकडे करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड उताराकडे करून. तोंड वर असताना त्रास आणि खाली असताना सुरळीत, असं झालं तर डिझेल मागं उतरतंय. हीटर प्लगाला चढ-उताराशी काही देणंघेणं नसतं.

किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला की गाडी चालू होते, यावरून मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये. त्यानं प्लग दोनदा तापतात हे खरं, पण टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत त्याच वेळी डिझेलचा दाबही भरला जातो. दोन्ही शक्यता उघड्याच राहतात.

सकाळी डिझेल गोठतं म्हणून गाडी चालू होत नाही, असं सांगणारेही भेटतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, इथं पहाटे पंधराच्या खाली पारा उतरतो, कधी त्याहून बराच. पण तेवढ्यानं डिझेल गोठत नाही. ती अडचण लडाखची. तिथं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये आणलं. आपल्याकडे ते कारण सांगणाऱ्या मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पेट्रोलचं थोडक्यात. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण आली पाहिजे. गुणगुण नाही तर पंप, रिले किंवा फ्यूज. गुणगुण आहे आणि किल्ली दोन-तीनदा फिरवल्यावरच गाडी पेट घेते, तर रात्रभरात लाइनीतला दाब उतरतोय. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडून थंड इंजिनाला गरम म्हणत असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. मग सकाळी त्रास आणि दुपारी गाडी अगदी गुणी. सीएनजी बसवलेल्या गाड्या बहुधा पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि मालक पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाला ठेवतो. अशा टाकीत शिळं पेट्रोल आणि कोरडा चाललेला पंप दोन्ही मिळतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं (कदाचित चिकोडी-अथणीच्या उसाचंच), आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. तळाला पडून राहिलेल्या पेट्रोलला ते मानवत नाही.

आता त्या नव्या बॅटरीचं कोडं. समजा दोन हीटर प्लग जळालेत. पहिल्या सकाळी गाडी सातव्या सेल्फला चालू होते, चौथ्या सकाळी दहाव्या. प्रत्येक वेळी सेल्फ शे-दोनशे अँपिअर खातो, आणि बेळगावातल्या टिळकवाडी ते कॅम्प एवढ्याशा फेरीत ते भरून येत नाही. आठवड्याभरात बॅटरी खरोखरच उतरते. मिस्त्री येतो तेव्हा सेल्फ जड फिरत असतो, मीटर ११.८ दाखवतो आणि तो बॅटरी बदलायला सांगतो. त्यानं बघितलं ते खोटं नव्हतं, फक्त ते नंतर घडलेलं होतं. नवी बॅटरी ताठ असते, बराच वेळ जोरात फिरवते, आणि भरभर फिरणारं इंजिन हवा जास्त तापवत असल्यानं जळक्या प्लगांसकट गाडी चालू होते. पंधरवड्यानं थंडी वाढते आणि तीच तक्रार परत. मग दुकानदाराशी भांडण, "बॅटरी डुप्लिकेट दिली." उलट्या दिशेनंही हेच घडतं. थकलेल्या बॅटरीनं इंजिन इतकं सावकाश फिरतं की हवा तापत नाही, कॉम्प्युटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, पांढरा धूर येतो आणि चांगले प्लग बदलले जातात. म्हणून क्रम सोडू नये: आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून सेल्फचा वेग ठीक करायचा आणि मगच धूर बघायचा. जड सेल्फच्या गाडीतला धूर काहीच सिद्ध करत नाही.

जुनी गाडी विकत घेताना तर हे सगळं दुप्पट लागू होतं. बेळगावात जीए पासिंगच्या, म्हणजे गोव्याच्या गाड्या बऱ्याच येतात, कोल्हापूरच्या एमएच ०९ च्याही. (एनओसी आणि कर्नाटकाचा लाइफ टॅक्स हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय, तो इथं नको.) म्हापशात जानेवारीची पहाटसुद्धा वीस अंशांच्या आसपास असते. तिथं दोन प्लग जळालेली गाडी वर्षभर एका सेल्फमध्ये चालू होते आणि विकणारा शपथेवर सांगतो की स्टार्टिंगचा काही त्रास नाही. तो खोटं बोलत नसतो. तीच गाडी चोर्ला घाट चढून येते आणि पहिल्या थंडीत अंगणात रुसून बसते. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे बाजारातली मारुतीची कुठलीही डिझेल गाडी आता वयानं मोठीच आहे. प्लग बदलल्याची पावती नसेल तर ते मूळचेच आहेत असं धरून चाला.

बघायला जायचं ते सकाळी सातच्या आत, आणि आदल्या दिवशी मालकाला बजावून की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर चहा घ्यायचा, परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. थंड असेल तर एकाला सायलेन्सरपाशी उभं करून स्वतः सेल्फ मारायचा. दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढायचा नाही आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट सोडायचा, नाहीतर सेल्फ मोटर तापून जळते. मालक मदतीला स्टार्टिंग स्प्रे घेऊन आला तर त्याला थांबवा. तापलेल्या हीटर प्लगावर ईथर अवेळी भडकतं आणि पिस्टन फुटू शकतो. शिवाय ज्याच्या घरी तो डबा तयार असतो, त्याला गाडीची सवय आधीपासून माहीत असते.

दोष सापडला म्हणून गाडी सोडायलाच हवी असं नाही. बॅटरी, अर्थिंग, फिल्टरचं सील ही किरकोळ कामं आहेत, तेवढे पैसे कमी करून घ्यावेत. हीटर प्लगांचा हिशेब मात्र हात राखून करावा. प्लग स्वस्त असतात, पण लाखभर किलोमीटर हेडमध्ये बसलेला प्लग काढताना मोडू शकतो, आणि मोडला तर हेड उतरवावं लागतं. इंजिन गरम असताना, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री टाकून, जोर न लावता काढणारा मिस्त्री बघा. मोडला तर खर्च कुणाचा हे त्याच्याशी आधी बोलून घ्या, आणि ते ठरल्यावरच विकणाऱ्याला आकडा सांगा.