लेटो

ग्रीक पुराणकथांतील एक देवमाता. अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्या भावंडांची आई. रोमन लोक तिला लॅटोना म्हणत. देवराज झ्यूसपासून दिवस गेलेल्या लेटोला बाळंतपणासाठी पृथ्वीवर कुठेही थारा मिळू नये म्हणून झ्यूसची पत्नी हेरा हिने चालवलेला छळ, आणि अखेर डेलोस या खडकाळ बेटाने तिला दिलेला आसरा, हा तिच्या कथेचा गाभा. तिची दोन्ही मुले धनुर्धारी निघाली. तिच्या हातात मात्र शस्त्र नाही. पोटातल्या जिवासाठी ती झगडते ती चिकाटीने आणि दिल्या शब्दाने. ग्रीक दैवतांच्या गर्दीत तिचे वेगळेपण यातच आहे.

प्राचीन ग्रीक कवी हेसिअड याच्या देववंशावळीनुसार लेटो ही कीअस आणि फीबी या टायटन (आधीच्या पिढीतील देव) दांपत्याची मुलगी व अस्टेरियाची बहीण. काळसर निळे वस्त्र नेसणारी, माणसांशी आणि देवांशी सारख्याच मायेने वागणारी, ऑलिंपसवरील सर्वांत सौम्य देवता असे तिचे वर्णन तो करतो. त्याच्या यादीत झ्यूसच्या जोडीदारणींमध्ये लेटोचा क्रमांक सहावा आणि हेराचा शेवटचा, सातवा आहे. म्हणजे या जुन्या परंपरेत लेटो ही हेराच्या आधीची. सवतीमत्सराची कथा हेसिअडकडे नाही. ती पुढच्या कवींनी रंगवली, आणि एकदा रंगल्यावर तीच लोकांच्या मनात राहिली.

या कथेचे सर्वांत जुने सविस्तर रूप होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या अपोलो-स्तोत्रात (इ. स. पू. सातवे-सहावे शतक) सापडते. दिवस भरलेली लेटो क्रीटपासून अथेन्स, एजायना, युबिया, लेमनॉस, कायॉस, सेमॉस, कॉस, नॅक्सस, पेरॉस असे एजियन समुद्राचे सारे किनारे पालथे घालते. कवी गावा-बेटांची नावे एकामागून एक घेत जातो. यांतले एकही तिला ठेवून घ्यायला धजत नाही. सुपीक जमीन आणि गजबजलेली बंदरे असलेली ही ठिकाणे. गमावण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते. शेवटी ती डेलोसला येते. तिथे ना नांगराला माती, ना गुरांना चारा.

इथे लेटो आणि बेटरूपी डेलोस या दोघींमध्ये जी बोलणी होतात ती स्तोत्रातील सर्वांत जिवंत जागा आहे. लेटो बेटाला सरळ सांगते की एरवी तुझ्याकडे कोणी फिरकणार नाही. माझ्या मुलाचे देऊळ तुझ्यावर उभे राहिले तर सारे जग बळी घेऊन तुझ्या दारी येईल. डेलोसला हे हवेच आहे, पण तिला वेगळीच भीती वाटते. हा मुलगा मोठा उद्दाम निघणार असे तिच्या कानावर आले आहे. जन्मल्यावर या खडकाची त्याला किळस आली आणि त्याने लाथेने मला समुद्रात लोटले तर? माझ्यावर ऑक्टोपस आणि काळे सील घर करतील. म्हणून ती आधी शपथ मागते. पृथ्वी, आकाश आणि स्टिक्स नदीचे पाणी यांना साक्षी ठेवून लेटो शब्द देते की अपोलोचे पहिले देऊळ इथेच होईल. देवांसाठी स्टिक्सच्या शपथेपेक्षा मोठी शपथ नाही. आश्रय मागणारी आणि देणारी दोघीही दुबळ्या, आणि तरी दोघी बरोबरीने व्यवहार करतात. दयेची भाषा यात कुठेच नाही.

आसरा मिळाला तरी सुटका होत नाही. नऊ दिवस आणि नऊ रात्री लेटो वेणा देत राहते. रीआ, थेमिस, डायोनी, अँफिट्रायटी अशा थोर देवी तिच्याभोवती जमल्या आहेत. नाही ती फक्त हेरा, आणि प्रसूतीची देवता आयलिथिया. आयलिथियाला हेराने ऑलिंपसवर सोनेरी ढगांआड बसवून ठेवले आहे, खाली काय चालले आहे याचा तिला पत्ताच नाही. जमलेल्या देवी मग आयरिस या दूतीला पाठवतात. सोन्याच्या धाग्यात गुंफलेला नऊ हात लांब हार कबूल कर, हेराला कळू न देता तिला बाजूला बोलावून घे, असे तिला बजावतात. आयरिस आयलिथियाला घेऊन येते. दोघी बुजऱ्या पारव्यांसारखी पावले टाकत बेटावर उतरतात. आयलिथियाचे पाऊल डेलोसला लागताच लेटो खजुराच्या झाडाला मिठी मारते, मऊ गवतावर गुडघे टेकते, खालची जमीन हसते आणि मूल उजेडात झेपावते. देवी एका सुरात आरोळी ठोकतात. गुडघे टेकून, आधाराला काहीतरी घट्ट धरून बाळंत होणे आणि मूल बाहेर येताच बायकांनी एकदम आवाज करणे, ही बाळंतिणीच्या खोलीतलीच दृश्ये आहेत. कवीने ती फक्त देवतांवर बेतली.

या स्तोत्रात आर्टेमिसचा जन्म ऑर्टिजिया नावाच्या ठिकाणी आणि अपोलोचा डेलोसला झाल्याचे म्हटले आहे. अपोलोडोरसच्या नावावरील पुराणसंग्रहात आर्टेमिस आधी जन्मते आणि लगेच आईची सुईण होऊन भावाला जगात आणते. आर्टेमिस स्वतः अविवाहित राहिली, तरी अडलेल्या बायका तिचा धावा करत, त्यामागे ही कथा उभी असते.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा कवी कॅलिमाकस याने डेलोसवरील स्तोत्रात छळाची बाजू अधिक तीव्र केली. त्याच्या कथेत हेराने दोन पहारेकरी नेमले आहेत: थ्रेसमधील हीमस पर्वतावरून युद्धदेव एरीस मुख्य भूमीवर नजर ठेवतो, तर मिमास पर्वतावरून आयरिस बेटांवर. होमरी स्तोत्रात मदतीला धावलेली आयरिस इथे हेराच्या सिंहासनाखाली कान टवकारून बसणाऱ्या शिकारी कुत्रीसारखी आहे. लेटो जवळ आली की गावे, डोंगर, नद्या अक्षरशः पळ काढतात. थेसलीची पिनिअस नदी, जी ग्रीकांच्या कल्पनेत पुरुष आहे, तेवढी थांबते. काय व्हायचे ते होवो, तू इथे बाळंत हो, असे तो म्हणतो. एरीस भाल्याने ढालीवर प्रहार करतो, डोंगराची शिखरे उपटून प्रवाहात टाकण्याची धमकी देतो, तरी पिनिअस हलत नाही. तेव्हा लेटोच त्याला सांगते की माझ्यापायी तू संकटात पडू नकोस, स्वतःला वाचव. आणि ती पुढे निघते. कळा सोसणाऱ्या बाईने आपल्याला आधार देणाऱ्याचा जीव आधी वाचवावा, हा प्रसंग या संपूर्ण कथाचक्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

याच काव्यात अपोलो पोटातूनच बोलतो. आई कॉस बेटाकडे वळते तेव्हा तो तिला अडवतो, कारण ते बेट पुढे जन्मणाऱ्या दुसऱ्या देवासाठी राखलेले आहे. हा दुसरा देव म्हणजे कॅलिमाकसचा आश्रयदाता, कॉसवर जन्मलेला इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी. राजस्तुती उघडच आहे. डेलोसलाही इथे पूर्वेतिहास मिळतो. ती मूळची लेटोची बहीण अस्टेरिया. झ्यूसच्या हाती लागू नये म्हणून तिने ताऱ्यासारखी समुद्रात उडी घेतली आणि तरंगते बेट होऊन भटकत राहिली. भटकणारी बहीण भटकणाऱ्या बहिणीला हाक मारते. झ्यूसला नाकारल्याबद्दल हेराही अस्टेरियाला माफ करते. प्रसूतीच्या वेळी हंसांनी बेटाला सात फेऱ्या घातल्या, म्हणून अपोलोने वीणेला सात तारा लावल्या असे कवी सांगतो. जन्मानंतर डेलोस समुद्रात स्थिर झाले.

लॅटिन पुराणसंग्राहक हायजायनस याच्याकडे कथा आणखी वळण घेते. सूर्यप्रकाश पोचत नाही अशाच जागी लेटो प्रसवेल असा हेराचा हुकूम. लेटोच्या संततीच्या हातून आपल्याला मरण आहे हे जाणून पायथन हा महासर्प तिच्या मागावर. उत्तरेचा वारा तिला उचलून समुद्रदेव पोसायडनकडे नेतो आणि तो बेटावर लाटांचे छत धरून हुकमातून वाट काढतो. पुढे अपोलोने डेल्फीला पायथनचा वध केला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमधील ब्यूटो येथे ऐकलेली कथाही याच जातीची आहे. तिथल्या देवीला तो लेटोच म्हणतो. ऑसायरिस या इजिप्ती देवाच्या मुलाला शोधत त्याचा शत्रू टायफॉन आला तेव्हा आई इसिसने सोपवलेले ते बाळ तिने केमिस नावाच्या तरंगत्या बेटावर लपवून वाचवले. ते बेट तरंगताना किंवा हलताना आपण पाहिले नाही, हेही हिरोडोटस प्रामाणिकपणे नोंदवतो. हेराने बाळंतपण अडवल्याची दुसरी प्रसिद्ध कथा हेराक्लीसची आई अल्कमिनी हिची. रोमन कवी ओव्हिडच्या वर्णनात प्रसूतिदेवता दाराशी पायांची घडी घालून, बोटांत बोटे गुंतवून बसते आणि सात दिवस तिची सुटका होऊ देत नाही.

मुले मोठी झाल्यावर राखणदारी उलट दिशेने सुरू होते. डेल्फीच्या वाटेवर लेटोवर हात टाकणारा राक्षस टिटिऑस पाताळात नऊ एकर जमीन व्यापून पडला आहे आणि दोन गिधाडे त्याचे यकृत तोडत आहेत, असे ‘ओडिसी’त दिसते. नायोबी या राणीची कथा याहून कठोर. लेटोला दोनच, मला कितीतरी मुले, अशी तिने बढाई मारली. ‘इलियड’मध्ये तिला सहा मुलगे व सहा मुली आहेत, ओव्हिडकडे सात-सात. अपोलोने मुलगे आणि आर्टेमिसने मुली बाणांनी मारल्या. होमर म्हणतो, नऊ दिवस ती प्रेते पुरायलाही कोणी नव्हते. नऊ दिवस वेणा सोसलेल्या आईच्या सन्मानासाठी दुसरी आई अशी निपुत्रिक व्हावी, हे ग्रीकांनी लपवले नाही किंवा मऊ केले नाही. सौम्य म्हणून गौरवलेल्या लेटोचे हे दुसरे अंग तिच्या नोंदीतून वगळता येत नाही.

ट्रॉयच्या युद्धात लेटो ट्रोजनांच्या बाजूने आहे. जखमी ट्रोजन वीर ईनियसला अपोलोच्या देवळात ती आणि आर्टेमिस बरे करतात. देव एकमेकांना भिडतात तेव्हा तिच्यासमोर हर्मीस उभा ठाकतो; पण झ्यूसच्या स्त्रीशी कोण लढणार, तू खुशाल सांग की मला जिंकलेस, असे म्हणून माघार घेतो. तिकडे हेरा डाव्या हाताने आर्टेमिसची दोन्ही मनगटे धरून तिच्याच धनुष्याने तिचे कान सडकते. आर्टेमिस रडत बापाकडे पळते. धुळीत विखुरलेले धनुष्य आणि बाण लेटो एकेक गोळा करते आणि मुलीच्या मागे जाते. युद्धातली तिची कामगिरी एवढीच. अपोलो-स्तोत्राच्या आरंभीही तेच दिसते: ताणलेले धनुष्य घेऊन अपोलो झ्यूसच्या घरात शिरतो, सारे देव घाबरून उठतात, लेटो तेवढी जागची हलत नाही. मग ती त्याच्या धनुष्याची दोरी सैल करते, भाता बंद करते, धनुष्य सोन्याच्या खुंटीला टांगते आणि त्याला आसनावर बसवते.

लेटोची स्वतंत्र देवळे थोडीच. बहुधा ती मुलांबरोबर पुजली जाई. क्रीटमधील ड्रेरॉस येथे १९३५ मध्ये सापडलेल्या, लाकडी गाभ्यावर पत्रा ठोकून घडवलेल्या तीन ब्राँझ मूर्ती (इ. स. पू. ७०० च्या सुमाराच्या) या मायलेकरांच्या मानल्या जातात. डेलोसवर तिचे देऊळ इ. स. पू. सहाव्या शतकात उभे राहिले. साडेतीन चौ. किमी. चे हे बेट एजियनमधील सर्वांत पवित्र स्थळांपैकी एक झाले. तिथला तो खजूर पुढे शतकानुशतके दाखवला जाई; ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस राजकन्या नॉसिकेआच्या सौंदर्याची तुलना त्याच झाडाशी करतो. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सने डेलोसचे शुद्धीकरण केले. सगळी थडगी उकरून नेली आणि यापुढे बेटावर कोणी मरायचे नाही, कोणी जन्मायचे नाही, असा नियम केला. मरणाला टेकलेल्यांना आणि दिवस भरलेल्या बायकांना शेजारच्या रिनीया बेटावर हलवले जाई. जिथे एका अडलेल्या बाईला जगात एकमेव जागा मिळाली, तिथून तिच्याच नावाने पावित्र्य राखायला इतर बायकांना होडीत घालून पाठवले जाऊ लागले. कथेचा याहून मोठा विपर्यास दुसरा नसेल. इ. स. पू. ४२२ मध्ये तर मूळ रहिवाशांनाच हाकलले गेले. डेल्फी येथील अपोलोच्या कौलानंतर पुढच्या वर्षी ते परतले. डेलोसचे उत्खनन फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८७३ पासून चालवले. हिवतापाच्या भीतीने तेथील पवित्र तळे १९२५ च्या सुमारास आटवण्यात आले. युनेस्कोच्या जागतिक वारशात या बेटाचा समावेश १९९० मध्ये झाला.

आजच्या तुर्कस्तानातील एफेसस या ग्रीक शहराच्या लोकांचा दावा वेगळा होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की त्यांच्या गावाजवळच्या ऑर्टिजिया नावाच्या राईत ही प्रसूती झाली आणि वरच्या डोंगरावर क्युरेटीज या शस्त्रधारी उपदेवतांनी शस्त्रे आपटून इतका गोंगाट केला, की टपून बसलेली हेरा बिथरली. इ. स. २२ मध्ये देवळांच्या आश्रयाच्या हक्कांची रोमच्या सीनेटमध्ये तपासणी झाली, तेव्हा एफेससच्या प्रतिनिधींनी सर्वांत आधी हीच कथा पुढे ठेवली. लेटोने टेकलेले ऑलिव्हचे झाड अजून आमच्याकडे उभे आहे, असे त्यांनी सांगितल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. पुराणकथा इथे कायद्याचा पुरावा म्हणून वापरली गेली, आणि तोही नेमका आसऱ्याच्या हक्कासाठी.

सर्वांत खोल रुजलेली उपासना आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येकडील लिसियातील. तिथल्या मूळ मातृदेवतेचे लेटोशी ऐक्य झाले. ओव्हिडच्या कथेत दोन तान्ही कडेवर घेतलेली तहानलेली लेटो लिसियातील एका तळ्याशी येते. शेतकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, मुद्दाम गाळ ढवळतात. ऊन, वारा आणि पाणी निसर्गाने कोणा एकाच्या मालकीचे केलेले नाही, असे ती विनवून पाहते. ऐकले जात नाही तेव्हा त्यांचे बेडूक होतात. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजबागेतील लॅटोनाचे कारंजे या प्रसंगावर बेतलेले आहे. झँथसजवळच्या लेटोऑन या तीर्थस्थानी लेटो, आर्टेमिस आणि अपोलो यांची तीन देवळे शेजारी शेजारी होती. भूजल वर आल्याने तिथले अवशेष बरेचदा पाण्यात असतात आणि त्यात बेडूक खरेच नांदतात. झँथस आणि लेटोऑन १९८८ पासून जागतिक वारशात आहेत. तिथे १९७३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात एकच मजकूर लिसियन, ग्रीक आणि अरमाइक भाषांत कोरलेला असून लिसियन भाषेच्या उलगड्यात त्याची मोठी मदत झाली. त्यात एका नव्या पूजास्थानाच्या जमिनीची आणि बळींची तरतूद आहे, आणि ती मोडणारा लेटोचा, तिच्या संततीचा व जलदेवतांचा अपराधी ठरेल अशी ताकीद आहे.